डावी बाजू

ज्या अपराधाची शिक्षा होते तो कधीतरी संपतो. ज्याची कोणाला खबरच लागली नाही, तो माणसाबरोबर म्हातारा होत जातो. त्याला वाचा फोडावी तर इतक्या उशिरा कोणासाठी, आणि न फोडावी तर आणखी किती दिवस, या दोन प्रश्नांच्या मध्ये आयुष्याचा उत्तरार्ध कसा निघून जातो ते कळतही नाही. सव्वीस वर्षे या प्रश्नांनी जिची पाठ सोडली नव्हती ती बाई त्या सकाळी स्पर्धेच्या मैदानावर, कपडे बदलण्याच्या खोलीत, बाकाच्या कडेला बसून आपल्या रॅकेटच्या मुठीवर तिसऱ्यांदा नवी पट्टी गुंडाळत होती.

पट्टी आधी दोनदा नीट बसली होती. दोन्ही वेळा तिनेच ती उलगडून टाकली होती.

टेनिसच्या जगात तिला थोरली म्हणत. जिची ती वाट पाहत होती तिला धाकटी म्हणत. दोघींचे रक्ताचे नाते काही नव्हते. चौदाव्या वर्षी एका मास्तरांनी दोघींना दुहेरीसाठी एकत्र आणले, त्यांच्या वयात आठ महिन्यांचे अंतर निघाले, आणि लांबून हाका मारायला सोयीची म्हणून मास्तरांनी ही नावे ठेवली. पुढे वर्तमानपत्रांनी तीच उचलली. कित्येकांना त्या सख्ख्या बहिणी वाटत, आणि हा गैरसमज दूर करण्याची निकड दहा वर्षांत दोघींपैकी एकीलाही कधी भासली नाही.

यंदा स्पर्धेच्या चालकांनी महिला दुहेरीच्या जुन्या अंतिम सामन्यांतील जोड्यांना सन्मानाने बोलावले होते. मुख्य सामने सुरू होण्यापूर्वी, बाजूच्या सात नंबरच्या कोर्टवर, एका सेटचा मैत्रीचा खेळ. समोर सव्वीस वर्षांपूर्वीच्या विजेत्या, इकडे उपविजेत्या म्हणून या दोघी. थोरलीने नकाराचे पत्र लिहून ठेवले होते. धाकटीने होकार कळवल्याचे समजले तेव्हा तिने ते फाडले. तिला धाकटीला एकच वाक्य सांगायचे होते. प्रवासभर ती ते मनात घोळवत आली होती आणि दर वेळी त्याचा पहिला शब्द तिला बदलावासा वाटला होता.

"किती गुंडाळशील गं? मूठ आहे की मोडलेलं हाड?"

धाकटी दारात उभी होती. केस पांढरे झालेले, ते तिने लपवलेले नव्हते. आत येऊन तिने पिशवी बाकाखाली सरकवली आणि ती थोरलीच्या डाव्या हाताला बसली. मान किंचित वळवून, एका अंगाने पाहत. ती तिची जुनी लकब होती. त्या लकबीवरून मास्तर तिला चिमणी म्हणून चिडवीत.

पुढची दहा मिनिटे दोघी गुडघ्यांविषयी बोलल्या. धाकटीचा उजवा गुडघा जिने चढू देत नव्हता आणि थोरलीचा डावा उतरू देत नव्हता. तेव्हा दोघी मिळून एक धड बाई होते, असा हिशेब धाकटीने मांडला. मग तिने आपल्या रोपवाटिकेची हकीकत सांगितली. खेळ सोडल्यावर तिने तेच काम धरले होते. गुलाबाची कलमे ती स्वतः बांधत असे. माणसांपेक्षा झाडे बरी, ती म्हणाली. झाडे हळू बोलत नाहीत, बोलतच नाहीत. थोरलीने आपल्या क्लबातल्या मुलींविषयी सांगितले. मास्तरांचे सारे काही ती त्या मुलींना शिकवते, असेही सांगितले. तेवढे मात्र खरे नव्हते. एक गोष्ट ती शिकवत नसे, आणि सोबतचे प्रशिक्षक त्याचे नेहमी नवल करीत.

ती गोष्ट अशी. दुहेरीत प्रतिस्पर्धी जेव्हा चेंडू डोक्यावरून उंच उडवतात तेव्हा जोडीतली एक मान वर करून मागे धावते. तिची नजर आभाळात असते, मागची रेषा तिला दिसत नाही. म्हणून मास्तरांचा नियम होता की जी धावते तिने चेंडू पाहावा आणि जी थांबते तिने रेषा पाहावी. चेंडू आत पडणार असेल तर थांबलेलीने "घे" म्हणायचे; बाहेर जाणार असेल तर "सोड" म्हणायचे. धावणारीने शंका घ्यायची नाही. आणि हाक चुकली तर चूक हाक देणारीची. याच्या जोडीला त्यांचा आणखी एक दंडक होता. कोर्टवर माफी मागायची नाही. माफी मागायला वेळ लागतो, मास्तर म्हणत, आणि पुढचा चेंडू तोवर थांबत नाही.

त्या अंतिम सामन्यात तिसरा सेट शेवटाला आला होता आणि प्रतिस्पर्ध्यांना जिंकायला एकच गुण हवा होता. खेळता खेळता थोरली डावीकडे ओढली गेली, म्हणून धाकटी उजवीकडे आली. नेमका तेव्हाच धाकटीच्या डोक्यावरून चेंडू वर गेला. ती उलट्या पावलांनी, मान वर करून मागे सरकू लागली. रॅकेट उगारलेली होती. तिचा हात पोहोचला असता, हे सर्वांत वरच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसत होते. थोरलीने रेषा पाहिली, चेंडू पाहिला, आणि ती म्हणाली, "सोड."

धाकटीने रॅकेट खाली घेतली. चेंडू रेषेवर पडला. पांढरा चुना उडाला, तो थोरलीला आजही दिसत असे.

सामन्यानंतर पत्रकारांसमोर दोघी शेजारी शेजारी बसल्या. कोणी काही विचारण्याआधीच धाकटी म्हणाली, चेंडू बाहेर जाईल असे मला वाटले, मी सोडला. दुसऱ्या रांगेत मास्तर बसले होते. थोरली चोवीस वर्षांची होती. पुढ्यातल्या पाण्याच्या बाटलीवरचा कागद तिने नखाने कोरून काढला, सबंध काढला, आणि तोवर प्रश्नोत्तरे संपली होती. मागाहून तिने स्वतःला समजावले की कोर्टवर माफी मागायची नसते. कोर्ट केव्हाच मागे पडले होते, हे तिला ठाऊक होते.

आपल्यावरचा बोल धाकटीने स्वतःवर ओढून घेतला, या उपकाराखाली थोरलीला तिच्या डोळ्याला डोळा भिडवणे अशक्य झाले. पंधरा दिवसांनी तिने दोन ओळींचे पत्र पाठवले. आपण काही दिवस वेगळे खेळावे असे मला वाटते. तुला चांगली जोडीदार मिळो. थोरलीला स्वतःला चांगली जोडीदार मिळाली. पुढे तीन मोठ्या स्पर्धा तिने जिंकल्या. धाकटीला मात्र कोणी धड सोबत घेईना. मोक्याच्या वेळी ही चेंडू सोडते, असे लोक म्हणू लागले. ती कुठेही खेळायला उतरली की प्रेक्षकांतून एखादा तरी "सोडला!" म्हणून ओरडे आणि हशा पिके. दोन वर्षांत तिने खेळणे थांबवले. तिची आई गेल्याचे थोरलीला कळले होते. ती भेटायला गेली नाही. फुले पाठवली, त्यांवर नाव घातले नाही.

सात नंबरच्या कोर्टवर शंभर-सव्वाशे माणसे असतील. समोरच्या दोघीही आता पोक्त झाल्या होत्या. त्यांच्यातल्या उंच बाईने जाळ्यापाशी येऊन दोघींना मिठी मारली आणि आज आम्हाला सांभाळून घ्या, असे सांगितले. धाकटी काही न विचारता डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. पूर्वीही ती तिथेच उभी राही.

पहिला गेम त्या हरल्या. बाजू बदलताना, मैत्रीच्या खेळात पहिल्या गेमनंतरही ठेवलेल्या विसाव्यासाठी दोघी बाकावर आल्या. थोरली बसणार तोच धाकटीने तिला हाताने थोपवले.

"इकडे बस. माझ्या उजव्या हाताला."

"का गं?"

"डाव्या कानानं ऐकू येत नाही मला. म्हणून तर कायम डावी बाजू मागून घ्यायची. मग तू उजवीकडे यायचीस. तुला वाटायचं माझा बॅकहँड चांगला आहे."

थोरली हसली. हसू अर्धवटच राहिले.

"कधीपासून?"

"सोळाव्या वर्षी मला मोठा ताप आला होता बघ. त्यानंतर. आधी थोडं थोडं यायचं. तुझ्याबरोबरची शेवटची दोन वर्षं तर त्या कानात काहीच नव्हतं."

वेळ संपल्याचे पंचांनी सांगितले. उंच खुर्चीवर बसलेल्या त्या पंचबाई वयाने दोघींच्या मुलीसारख्या होत्या, आणि दोघींशी फार अदबीने बोलत होत्या.

पुढचे दोन गेम थोरली कशी खेळली हे तिला सांगता आले नसते. तिचे हात खेळत होते. मनात ती सव्वीस वर्षांपूर्वीच्या कोर्टवर उभी होती आणि एकेक पाऊल मोजत होती. आपण डावीकडे गेलो होतो. धाकटी उजवीकडे आली होती. तोंड जाळ्याकडे, मान वर, उलटी पावले. म्हणजे आपल्या बाजूला तिचा डावा कान होता. आणि दहा हजार माणसे ओरडत होती. ती हाक तिच्यापर्यंत गेलीच नव्हती. चेंडू मी सोडला, असे ती पत्रकारांना म्हणाली ते कोणाला पाठीशी घालण्यासाठी नव्हते. जे घडले तेवढेच तिने सांगितले होते. ज्या उपकाराच्या ओझ्याने आपण तिच्यापासून दूर पळालो, तो उपकार तिने केलेलाच नव्हता. थोरलीची सर्व्हिस जाळ्यात गेली. मग आणखी एक गेली. धाकटीने फक्त पुढचा चेंडू तिच्याकडे टोलवला.

दुसऱ्या विसाव्याला धाकटी आपणहून बोलू लागली. तिने टॉवेल गुडघ्यावर पसरला होता आणि त्याच्या कडेचा दोरा ती बोटाला गुंडाळत होती.

"मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी तुझ्यासाठी दुसरी शोधली असती. आणि तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्यापासून लपवलं नसतंस. तू फार सरळ होतीस तेव्हा. म्हणून मी गप्प राहिले. अर्धा कान घेऊन तुझ्याबरोबर खेळत राहिले. फसवलंच की तुला."

"असं काही नाही," थोरली म्हणाली.

"आहे ना. ऐक तर. त्या दिवशी तू हाक दिली असणारच. तू हाक दिली नाहीस असं कधी झालं नाही. मला ती ऐकू आली नाही. वर चेंडू बघितला, वाटलं बाहेर जाईल, सोडला. मग जमिनीवर पडलेला दिसला तेव्हा कळलं, की तू 'घे' म्हणाली असणार. घसा फोडून म्हणाली असशील. आणि मी रॅकेट खाली घेतली." दोरा तुटला. तो तिने नीट गोळा करून टॉवेलात ठेवला. "म्हणून तुझं पत्र आलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. राग यायलाच हवा होता तुला. विचारायचंही धाडस झालं नाही, विचारलं असतं तर कान उघडा पडला असता. आता काय, आता सगळ्यांचेच कान गेलेत. तू 'घे' म्हणाली होतीस ना?"

थोरलीने पाण्याची बाटली हातात घेतली होती. तिच्यावरचा कागद ओला होऊन सुटत आला होता.

मान नुसती खाली-वर हलवायची होती. तेवढे केले की सव्वीस वर्षांचा तो काटा कोणाला न दुखवता आपोआप निघत होता. ती जगाच्या दृष्टीने निर्दोष होतीच. आता धाकटीच्या मुखाने ती अन्याय सोसलेली, आणि क्षमा करायला आलेली अशीही झाली असती. धाकटीलाही काही नवीन दुःख होणार नव्हते. तिने ते केव्हाच अंगवळणी पाडले होते. शिवाय तिने प्रश्न असा विचारला होता, की त्याचे उत्तर त्यातच होते.

"वेळ," पंचबाई म्हणाल्या.

"चल, खेळू," थोरली म्हणाली, आणि उठली. बाटलीवरचा कागद तिने तसाच ठेवला.

चौथ्या गेमच्या मध्यावर उंच बाईने थोरलीच्या डोक्यावरून चेंडू वर उडवला. स्वच्छ, सावकाश चढणारा चेंडू. थोरली मान वर करून उलट्या पावलांनी मागे सरकू लागली. डावा गुडघा कुरकुरला. रॅकेट उगारलेली होती आणि हात पोहोचणार होता.

"सोड!" धाकटी डावीकडून म्हणाली.

थोरलीने रॅकेट खाली घेतली. चेंडू रेषेच्या चांगला वीतभर आत पडला आणि मागच्या जाळीवर जाऊन आदळला. लोक हसले, त्या हसण्यात दंश नव्हता. समोरच्या दोघींनीही टाळ्या वाजवल्या.

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. "चुकलं गं माझं. माफ कर." आणि मग आठवण होऊन ती आभाळाकडे बघत म्हणाली, "मास्तर वर असतील तर आता काठी घेऊन खाली येतील."

थोरली रेषेपाशीच उभी होती. 'चुकलं', इतका लहान शब्द. तो म्हणायला श्वास घ्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता. कोणी कोसळले नव्हते, कोणाचे काही अडले नव्हते, चेंडू परत येत होता. सव्वीस वर्षे आपण ज्याला डोंगर समजून वळसा घालत आलो, ते चालत ओलांडता येईल असे काहीतरी होते, हे तिला त्या उन्हात, शंभर माणसांसमोर कळले. आणि कळले त्याचा आनंद झाला नाही.

"त्या दिवशी मीही हेच म्हणाले होते," ती म्हणाली.

"काय?"

"'सोड' म्हणाले होते."

धाकटी जवळ आली. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. तिने मान वळवली आणि उजवा कान पुढे केला.

"पुन्हा म्हण. या बाजूनं."

एकदा म्हणणे जमले होते. दुसऱ्यांदा म्हणणे फार अवघड होते.

"मी 'सोड' म्हणाले होते. 'घे' नाही. मला चेंडू बाहेर जाणार असं दिसलं. चूक माझी होती. तू पत्रकारांसमोर बोललीस तेव्हा मला वाटलं तू मला वाचवलंस. मी गप्प बसले. मग तुला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून पत्र लिहिलं. राग नव्हता गं. कधीच नव्हता."

धाकटीने खाली पाहिले. रॅकेटच्या तारा तिने बोटांनी एकेक करून सरळ केल्या. सरळ असलेल्याही केल्या.

"म्हणजे मला ऐकू आलं असतं, तरी..."

"तरी तू सोडलाच असतास."

लोक आता कुजबुजू लागले होते. खुर्चीवरून वाकून पंचबाईंनी विचारले, काही लागले आहे का, डॉक्टरांना बोलवायचे का.

"नाही हो," धाकटी त्यांना म्हणाली. "गुडघे तर आधीच गेलेत. आम्ही दुसरंच काहीतरी शोधतोय." मग थोरलीकडे वळून, अगदी हलक्या आवाजात, "म्हणजे दोघींनी सोडला."

"हो."

"दोन ओळींचं पत्र होतं तुझं. घडीच्या जागी फाटलंय आता. एक तिसरी ओळ लिहायची होतीस."

धाकटी आपल्या जागेवर, डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. गुडघे किंचित वाकवून, रॅकेट दोन्ही हातांत धरून तिने पुढच्या चेंडूची वाट पाहिली. तिने डोळे पुसले नाहीत. ऊन समोरून येत होते, आणि उन्हात डोळ्यांना पाणी येतेच.

तो सेट त्या सहा-दोन अशा हरल्या. एकदा धाकटी जाळ्यापाशी असताना पुन्हा तिच्या डोक्यावरून चेंडू गेला; थोरलीने "घे" म्हटले, इतक्या मोठ्याने की शेजारच्या कोर्टवरचा खेळ क्षणभर थांबला. धाकटीने तो घेतला. तो जाळ्यात गेला.

छायाचित्रे झाली, हस्तांदोलने झाली. मग दोघी आपापल्या पिशव्या खांद्याला लावून झाडांखालच्या लांब वाटेने खोलीकडे निघाल्या. धाकटी पुढे पाहत चालत होती. थोरली तिच्या डाव्या अंगाने चालत होती. दहा-बारा पावले गेल्यावर तिच्या ध्यानात आले. ती थांबली, मागून वळसा घालून धाकटीच्या उजव्या बाजूला आली, आणि तिच्याबरोबर चालू लागली. धाकटीने तिच्याकडे पाहिले नाही. पाऊल मात्र थोडे धीमे केले. वळणापर्यंत दोघी दिसत होत्या. थोरली काही सांगत असावी. मधूनच तिचा हात हवेत उठे आणि पुन्हा खाली येई.

गेलेली वर्षे कोणी परत करीत नाही, आणि त्या दोघींनीही ती मागितली नाहीत. उरलेली त्यांना लाभोत. त्यांच्या गुडघ्यांना बळ राहो, धाकटीच्या गुलाबांना फूट येवो, आणि थोरलीची हाक यापुढे उजव्या कानी, वेळेवर पोहोचो.